रजिस्टरातले ‘गृहो.’

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या गावच्या वाचनालयाच्या दारावर एक फ्लेक्स लागला. वर मधोमध सरस्वती, दोन्ही कोपऱ्यांत कार्यकारिणीचे हात जोडलेले फोटो आणि उरलेल्या जागेत माझे लेखन. ते माझे आहे हे मला दोनदा वाचूनही ओळखता आले नाही. ओळखता आले तेव्हा मी गाडी भर रस्त्यात लावली आणि हेल्मेट न काढताच पायऱ्या चढले. त्या दिवशीचा राग अजून पूर्ण उतरलेला नाही. तो उतरावा असेही मला वाटत नाही, कारण त्यातला बराचसा माझ्या स्वतःवर आहे आणि तो असणे योग्य आहे.

मी शिरूरला एका दूध संकलन केंद्राच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून वरवंडच्या बाजूला आमच्या गावी येते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि पुढे संशोधन करायचे आहे. त्यासाठी गेल्या उन्हाळ्यात एका विद्यापीठात मुलाखत दिली. समोरच्या बाईंनी विचारले, “घरी वाचनाचे वातावरण होते का?” मी ताठ बसून उत्तर दिले, “नाही. आमच्या घरात शास्त्र वाचणारी मी पहिलीच.” उत्तर त्यांना आवडल्याचे दिसले. मलाही आवडले होते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मला ते विसरता येत नाही.

वाचनालयाचे ग्रंथपाल म्हणजे सगळ्या गावाचे मामा. सप्टेंबरात त्यांनी मला गाठले. “पोरी, तू शास्त्र शिकलेली हायेस. वर्धापनदिनाला कायतरी नवीन पायजे. कुणी काय वाचावं, एवढं एका कागदावर लिहून दे. गंमतशीर लिही, म्हंजी लोक थांबून वाचत्याल.”

मला हे काम फार आवडले. वर्गीकरण करायला मिळाले की माझा दिवस चांगला जातो. नमुने म्हणून मी आमचेच घर घेतले. जवळचे होते आणि त्यांना निरीक्षणाची पूर्वकल्पना देण्याची गरज नव्हती.

पहिला प्रकार ठरवला ‘टीव्हीला उत्तरे देणारा’. हे माझे वडील; आम्ही त्यांना दादा म्हणतो. बातम्या देणाऱ्या माणसाने श्वास घेतला की तेवढ्या फटीत दादा आपले मत घालतात. त्यांच्यासाठी मी शब्दकोश सुचवला. त्यात प्रत्येक शब्द आपापल्या जागी उभा असतो, कोणी कोणाचे बोलणे तोडत नाही, आणि उत्तर द्यावेसे वाटले तरी शब्दकोश चिडत नाही.

दुसरा प्रकार ‘ज्याला सर्व आधीच ठाऊक आहे’. हे आमचे आबा, म्हणजे आजोबा. तरुणपणी ते मेंढरे घेऊन कोकणात उतरत आणि पावसाळ्याआधी परत चढत. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांना वाचून दाखवायचे आणि त्यासाठी प्राणी, पक्षी, गवत यांचे सचित्र पुस्तक आणायचे. प्रत्येक पानावर ‘न्हाई, असं नसतं’ म्हणण्याची त्यात भरपूर सोय असते. मी हे आधी करून पाहिले होते. पहिल्याच चित्राला आबा म्हणाले, “ह्येनं मेंढरू जवळनं बघितल्यालंच न्हाई. कान बघ की, शेळीचं लावल्यात.” आणि मग शेवटच्या पानापर्यंत हलले नाहीत.

माझा भाऊ कोणतीही वस्तू उघडतो आणि तशीच ठेवतो. आमच्याकडे एक मिक्सर, दोन रेडिओ आणि एक पाणी मारायचा पंप या अवस्थेत आहेत. त्याच्यासाठी रहस्यकथा, मात्र शेवटचे प्रकरण स्टेपल करून द्यायचे आणि पिन काढण्याची परवानगी एखादा पंप जोडल्यावरच. वहिनीला दर तीन मिनिटांनी हाक येते. ‘जिला हाक येते’ या प्रकारासाठी मी लघुकथा सुचवल्या आणि लांबीचे नवे एककही ठरवले: शिट्टी. दोन शिट्ट्यांत संपणारी कथा, चार शिट्ट्यांत संपणारी कथा. डाळीची कथा वेगळी आणि राजम्याची वेगळी. या एककाचा मला आजही अभिमान आहे.

आणि आई. आईसाठी मी लिहिले होते: ‘सर्वांचे आटोपल्यावर उरलेल्या वेळात वाचणारी. तिच्यासाठी पातळ, मोठ्या अक्षरांचे, कुठूनही उघडावे असे पुस्तक.’

हा तक्ता मी एका गुरुवारी दुपारी घरात मोठ्याने वाचून दाखवला. आई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. दादांनी टीव्हीसारखेच मलाही मध्येच उत्तर दिले, भाऊ रुसला, वहिनी शिट्टीच्या एककावर इतकी हसली की शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. आई शेवटच्या ओळीपर्यंत शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, “पातळ का गं?”

“तुला वेळ कुठे असतो, आई?”

“पातळ नेसायचं असतं, बाई. वाचायला जाड दे.”

सगळे हसले. मीही हसले. नेसायचे पातळ आणि वाचायचे पातळ हा श्लेष मला फार आवडला आणि तो आईला सुचल्याचे कौतुकही वाटले. नमुना स्वतःच्या तोंडाने बोलत होता आणि मी नोंद घेतली नाही. प्रयोगशाळेत मी असे केले असते तर मला कामावरून काढले असते, आणि ते बरोबर झाले असते.

शेंगा फोडता फोडता तिने आणखी एक विचारले, “ह्यात तुझं कुठं हाय?”

“मी निरीक्षक आहे. निरीक्षक तक्त्यात नसतो.”

“बरं बाई,” आई म्हणाली.

आता तो फ्लेक्स. माझ्या कागदावरचे सगळे स्वभाव त्यातून नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी नाती आली होती. ‘आजोबांसाठी: धार्मिक ग्रंथ. वडिलांसाठी: शेती व चालू घडामोडी. मुलासाठी: स्पर्धा परीक्षा. सुनेसाठी: शिशुसंगोपन, तसेच दोन शिट्ट्यांत होणाऱ्या पाककृती. आईसाठी: पाककृती, रांगोळी, व्रतवैकल्ये.’ माझ्या एककाची ती अवस्था पाहून माझ्या कानांत खरोखर शिट्टी वाजली. त्याखाली लाल अक्षरांत: ‘संकल्पना: गावची कन्या, एम.एस्सी.’ म्हणजे माझा कागद फेकून दिला होता आणि माझी पदवी ठेवून घेतली होती.

“मामा, बाहेर काय लावलंय ते?”

“हेल्मेट काढ आधी. वळखू येईना. मला वाटलं कुरिअरवाला.”

“मी स्वभाव लिहिले होते. तुम्ही नाती छापलीत.”

“मी न्हाई, कमिटीनं बदललं. सोभाव कसा छापायचा? दारात येणारा परत्येक बाप म्हणायचा, आपल्यालाच लावलंय.”

“आपल्यालाच लावलं होतं.”

“मंग? घराघरांत भांडणं लागली असती. नात्यावरनं कोण भांडतंय का?” मामांनी पेनाचे टोपण लावले. “आन् उगा म्हणत न्हाई आमी. बायामाणसं काय नेत्यात त्ये रजिस्टर सांगतंय. ह्ये बघ.”

त्यांनी देवघेवीचे रजिस्टर माझ्यापुढे फिरवले. तारीख, सभासदाचे नाव, पुस्तकाचा दाखल क्रमांक, प्रकार, कोणासाठी, असे रकाने. आमच्याकडे कार्ड घरटी एकच असते आणि ते घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावाने असते, त्यामुळे बाईने पुस्तक नेले तर ते फक्त शेवटच्या रकान्यावरून कळते. तिथे ‘घरच्या बाईसाठी’ असे लिहिलेले होते आणि त्याच्या शेजारी, प्रकाराच्या रकान्यात, ओळीमागून ओळ एकच शब्द: ‘गृहो.’ गृहोपयोगीचे संक्षिप्त रूप. पान उलटले तरी गृहो. मागचे वर्ष काढले तरी गृहो. इतका स्वच्छ, इतका एकसारखा कल मी आयुष्यात पाहिलेला नाही. खरे तर तिथेच मला शंका यायला हवी होती. दुधाचे सगळे नमुने सारखेच आले तर आम्ही दूध चांगले आहे असे म्हणत नाही, उपकरण बिघडले आहे असे म्हणतो.

पण मी रागात होते. शिवाय तेवढ्यात मला चार नंबरचे कपाट दिसले. शास्त्र, भूगोल, आरोग्य, कायदा अशी पुस्तके असणारे ते कपाट रिकामे होते, आणि पुस्तके सुतळीने बांधून जमिनीवर रचलेली होती.

“ही कुठे चाललीत?”

“रद्दीत. तपासणी यायची हाय, आन् ह्यातलं एकबी कुणी नेल्यालं दिसत न्हाई. ऐतवारी सकाळी मीटिंग, ठराव झाला की काढायची. त्या जाग्यावर गृहोपयोगी घेणार. मागणी तीच हाय म्हनल्यावर...”

मी घरी आले आणि जेवताना हे सगळे मोठमोठ्याने सांगितले. गावातली माणसे, बायकांना गृहीत धरणारी कमिटी, शास्त्राची रद्दी. दादा म्हणाले, “कमिटी हाय म्हनल्यावर व्हनारच.” आई तव्यावर भाकरी टाकत होती. तिने विचारले, “चार नंबरचं कपाट?”

“हो.”

“समदंच बांधलं? त्या जाड तिन्हीतला तिसरा बी?”

“कुठली तिन्ही?”

आईने भाकरी उतरवली, हात पदराला पुसले आणि कोठीच्या खोलीत गेली. दळणाच्या पिशवीतून वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले एक पुस्तक घेऊन आली. चांगले विटेएवढे जाड. “दुसरा भाग माझ्याकडं हाय,” ती म्हणाली. “पहिला झालाय. तिसरा नेमका त्या सुतळीत असंल.”

मी कव्हर काढले. पृथ्वीच्या पोटात काय असते, खडक कसे होतात, ज्वालामुखी, भूकंप, जमिनीखालचे पाणी, असे तीन भागांतले ते पुस्तक होते. पानांच्या सांध्यात ज्वारीचे पीठ बसले होते. वाचनालयाला लागून पिठाची गिरणी आहे. दळण होईपर्यंत आई पुस्तक बदलून येते आणि डब्याबरोबर घरी आणते. हे किती वर्षे चालले आहे असे मी विचारले. ती म्हणाली, “तू पाचवीत व्हतीस तवापास्नं.”

“मग लपवून का ठेवलंस?”

“लपवलं कुठं? कव्हर घातलं, पीठ लागू ने म्हणून. तुमी कुणी इचारलंच न्हाई.”

टीव्ही चालू होता, पण दादांनी त्याला उत्तर दिले नाही.

मला एक जुनी दुपार आठवली. मी दहावीत असताना आमच्या शेतात बोअरचे काम चालू होते. मशीनवाल्याने सांगितले होते की वरचा मुरूम संपला, आता काळा पाषाण लागला, पाण्याचे काही सांगता येत नाही. खालून येणाऱ्या गाळाचा रंग बदलला तसे आईने तो चिमटीत घेतला आणि म्हणाली, “ह्यो लाल थर हाय. दोन खडकांच्या मधला. एकाचा रस निवला, त्याची माती झाली, मंग त्याच्यावरनं दुसरा वाहिला. थांबा जरा.” मशीनवाला थांबला आणि त्याच थराखाली ओल लागली. मी तेव्हा शाळेच्या निबंधात लिहिले होते की खेड्यातल्या माणसांचा अनुभव पुस्तकी ज्ञानापेक्षा मोठा असतो. मला त्या निबंधाला बक्षीस मिळाले. आईने ते पुस्तकात वाचले असेल, अशी शंका मला शिवली नाही. मी वाचले तर ज्ञान, आईने वाचले तर अनुभव! फ्लेक्स लिहिणाऱ्या कमिटीला मी कोणत्या तोंडाने बोलत होते?

“तिसरा न्हाई मिळाला तर माझं आर्धंच राहील,” आई म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे; जात्यात अडकलेल्या दाण्याबद्दल बोलावे तसे. “ह्या दुसऱ्यात सोळा पानं दोनदा लागल्यात आन् फुडची सोळा न्हाईतच. नेमकी आपल्या काळ्या खडकाची. तिसऱ्याच्या सुरुवातीला परत थोडक्यात येतंय, असं अनुक्रमणिकेत हाय. त्येवढ्यासाठी थांबलीय मी.”

“मामांना सांगितलंस?”

“सांगितलं की. म्हणाले, रेसिपीच्या पुस्तकात कवाकवा असं व्हतंय.”

मी जेवण अर्धे ठेवून परत वाचनालयात गेले. दुसऱ्या भागाच्या कण्यावर दाखल क्रमांकाची चिकटपट्टी होती. रजिस्टरात तो क्रमांक अचूक लिहिलेला सापडला. शेजारी: गृहो.

“मामा, हे पाककृतीचं पुस्तक आहे?” मी ज्वालामुखीचे रंगीत चित्र उघडून त्यांच्यापुढे धरले.

त्यांनी चष्मा वर-खाली केला. “नंबर बरुबर हाय ना? माझा नंबर कवा चुकत न्हाई.”

“नंबर बरोबर आहे. प्रकार?”

“प्रकार बाई बघून लिवायचा,” मामा म्हणाले, आणि मी का ओरडतेय हे त्यांना खरोखरच कळेना. “लई वर्षांपूर्वी तपासणीला साहेब आलं व्हतं. म्हणालं, महिला वाचक गृहोपयोगीत दाखवा. तवापास्नं बाईमाणूस दारात दिसलं की हात आपसूक चालतुया. घाईत कोण पुस्तक उघडून बघतंय, ताई? समोर माणूस दिसतंय की.”

या माणसाच्या मनात काडीचाही वाईट हेतू नाही, हे त्या प्रकरणातले सर्वांत संतापजनक सत्य होते. वाईट हेतू असता तर सापडला असता. आमच्याकडे म्हशीच्या दुधाच्या बाटलीवर ‘गाय’ असे लेबल लागले तर फॅट पाहून ते पकडता येते. इथे बाटली कोणी उघडतच नव्हते. लेबलावरून निष्कर्ष, निष्कर्षावरून खरेदी, आणि खऱ्या दुधाला सुतळी बांधून रद्दी. ‘गृहो.’ हा प्रकार नव्हता, ते एक गृहीतक होते, आणि कोणीही ते कधी तपासलेले नव्हते.

पण मामांचा एक गुण त्यांना आणि आम्हाला वाचवणारा होता: त्यांचा क्रमांक चुकत नाही. वाचनालयात दुसरे एक रजिस्टर असते, दाखल नोंदवही. त्यात कोणत्या क्रमांकाचे पुस्तक कोणते हे लिहिलेले असते. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की प्रत्येक ‘गृहो.’च्या मागचे खरे पुस्तक सापडणार होते. मी प्रयोगशाळेत फोन करून ताप आल्याचे कळवले. ते अगदीच खोटे नव्हते.

शुक्रवार आणि शनिवार दुपारभर आई क्रमांक वाचायची, मी शोधायचे, मामा चहा मागवायचे. आधी ते कडेला बसून होते. मग त्यांना गोडी लागली आणि क्रमांक ऐकल्याबरोबर पुस्तक ओळखू लागले, स्वतःच चकित होऊ लागले. अंगणवाडीतल्या बाईने वारसाहक्काच्या कायद्याची दोन पुस्तके नेली होती: गृहो. आमच्याच वस्तीवरची एकजण, उसात बिबट्या दिसल्यापासून, बिबट्यांवरचे पुस्तक दोनदा घेऊन गेली होती: गृहो. “आता बिबट्या कुणाच्या घराला उपेगी पडतुया?” आईने मामांना विचारले, आणि मामा मान खाली घालून हसले. खरी पाककृतींची पुस्तके सर्वांत जास्त वेळा कोणी नेली होती? चौफुल्यावर ढाबा चालवणाऱ्या एका गृहस्थांनी. प्रकाराच्या रकान्यात होते: व्यवसाय मार्गदर्शन.

मी पानभर तक्ता केला. तो बरोबर होता, सुबक होता, आणि रविवारच्या बैठकीत कोणी वाचला नाही.

अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांनी माझा कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि खाली ठेवला. “समदं खरं हाय, ताई. पण नेणं येगळं आन् वाचणं येगळं. बाया नेत्यात त्या घरच्या गड्यासाठी नेत्यात. ह्येच बघ की.” ते दादांकडे वळले, कार्ड दादांच्या नावाचे, म्हणून दादाही बोलावलेले होते. “काय रं, त्ये खडकाचं तू वाचलंस न्हवं?”

देशाच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारे माझे वडील एवढ्या साध्या प्रश्नापुढे अडले. मग म्हणाले, “मी न्हाई बा. मी कव्हर बघून वळखलं बी न्हाई.”

“मंग कुणी वाचलं?”

आई दारात उभी होती. गिरणीत दळण टाकून आलेली, हाताला पीठ. ती आत आली नाही, तिथूनच बोलली. “आप्पा, दुसऱ्या भागात सोळा पानं दोनदा आल्यात. आन् फुडची सोळा गायब हायेत. बघा उघडून.”

आप्पांनी दुसरा भाग उघडला. दोन-तीन जण वाकले. पाने मोजली गेली, पुन्हा मोजली गेली. पुस्तक वाचनालयात आल्यापासून ते तसेच होते आणि तो दोष कोणालाही माहीत नव्हता. मामांना सांगितला होता, पण त्यांनी तो मसाल्यांच्या खाती टाकला होता.

“वहिनी, तुमाला ह्ये कसं घावलं?” आप्पांनी विचारले. त्यांचा आवाज आता वेगळा होता.

“पैल्यांदा मला वाटलं, मीच चुकून मागं आले,” आई म्हणाली. “म्हणून ती सोळा परत वाचली. परत तीच निघाली, तवा कळलं का चूक माझी न्हाई.”

मी माझ्या तक्त्याकडे पाहिले. दोन दिवसांच्या कामात असे एकही वाक्य नव्हते.

मामा कोणाला न विचारता उठले आणि सुतळी सोडू लागले. गाठ पक्की होती. त्यांनी दातांनी सोडवली. तिसरा भाग तळाशी होता.

ठराव झाला. कपाट राहिले. पण तो ठराव ऐकून माझा ताप पुन्हा चढला. ‘चार क्रमांकाचे कपाट यापुढे महिला विभाग म्हणून ओळखले जावे.’ म्हणजे खडक, भूकंप, कायदा आणि बिबट्या हे सगळे आता बायकांचे विषय ठरले, आणि गुलाबी पाटीही रंगवायला गेली. मी उभी राहून सांगू लागले की हे पूर्वीचेच गृहीतक उलटे टांगलेले आहे, आता एकही मुलगा त्या कपाटाला हात लावणार नाही, आणि... तेवढ्यात आईने दारातून मला खुणेने खाली बसवले.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर घसरले. “तू काही बोलली का नाहीस?”

“असू दे. बाप्ये हात लावणार न्हाईत ना? मंग पुस्तक जाग्यावर घावंल.”

एक गोष्ट मात्र मी मागून घेतली आणि ती मिळाली: आईच्या स्वतःच्या नावाचे कार्ड. घरटी एक हा नियम मोडायला कमिटीने आणखी एक बैठक घेतली. फ्लेक्स दिवाळीनंतर उतरला. तो आता आमच्याच गोठ्याला आडोसा म्हणून बांधला आहे, आणि ‘आईसाठी’ ही ओळ नेमकी म्हशीच्या तोंडासमोर येते. मुलाखतीतले माझे उत्तर मात्र मला उतरवून कुठे बांधता येत नाही. ‘मी पहिलीच.’ ज्या बाईंनी ते ऐकले त्यांना ते खरे वाटते आहे. या रागाला समोर उभे करायला माझ्याजवळ कमिटी नाही, मामा नाहीत, आरसा तेवढा आहे.

नव्या कार्डावर पहिले पुस्तक घ्यायला आई गेली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. गिरणीचा पट्टा शेजारी फटफटत होता. तिने तिसरा भाग काढून मेजावर ठेवला आणि मामांना म्हणाली, “आन् हिला एक द्या. पातळ.”

“मला? मी जाडच वाचते.”

“म्हणूनच. तुझ्या कागदात तुझं काय न्हवतं, मी ठरवलंय. मामा, कवितांचं द्या. लई मोठ्या नसल्याल्या. हिला एका पानावर थांबायला येत न्हाई. पान दिसलं की वर्ग पाडती. माणसं बी तशीच वाचती.”

मला राग आला. निरीक्षण अचूक होते, नमुन्याला पूर्वकल्पना नव्हती, आणि शिफारस स्वभावावरून केलेली होती, नात्यावरून नाही. माझ्या मूळ पद्धतीत एवढे चांगले काम मला जमले नव्हते.

मामांनी दोन्ही क्रमांक लिहिले. तिसऱ्या भागापुढे प्रकार लिहिताना त्यांनी पुस्तक उघडून पाहिले आणि ‘भूशास्त्र’ असे पूर्ण लिहिले. मग कवितांचे पुस्तक घेतले, माझ्याकडे पाहिले, आणि त्यांचा हात आपसूक चालला: ‘गृ’.

“मामा,” आई म्हणाली.

“चुकलं, चुकलं.” त्यांनी ते खोडले.

ते पुस्तक शिरूरच्या खोलीवर माझ्या उशाशी आहे. चौऱ्याऐंशी पानांचे आहे. तिसरा गुरुवार उलटून गेला आणि मी नवव्या पानावर आहे. काल आईचा फोन आला. तिचा तिसरा भाग संपत आला आहे, काळ्या खडकाचे तिला कळले, आणि आपल्या बोअरच्या वेळी ती ज्याला एक लाल थर म्हणाली होती ते दोन असावेत असा तिला संशय आहे. मग तिने विचारले, “तुझं किती झालं?”

मी नऊ म्हणाले.

“बरं चाललंय,” आई म्हणाली.